भुजंगाच्या हातचा विडा

भुजंगाच्या हातचा विडा तोंडात असेपर्यंत माणूस खोटं बोलत नाही, असं जालन्याच्या मोंढ्यात म्हणत. यात विड्याच्या पावित्र्याचा काही संबंध नव्हता. तो विडाच असा ऐसपैस असे की तोंडात असेपर्यंत माणसाला खरंखोटं काहीच बोलता येत नसे. धान्याचा सौदा चालू असताना व्यापारी मुद्दाम समोरच्या शेतकऱ्याला भुजंगाचा विडा चारत. शेतकरी पिंक टाकून हरकत घेईपर्यंत माप होऊन गेलेलं असे.

पण भुजंग काही जन्माचा पानवाला नव्हता. ऐन तारुण्यात तो धर्मराजबुवांचा शिष्य होता, आणि शिष्य म्हणजे पाय चेपण्यापासून गोठा झाडण्यापर्यंत सगळं करणारा खरा शिष्य. बुवा राजूरजवळच्या एका खेड्यातले चांगले जमीनवाले शेतकरी. नांगरामागे चालता चालता बंदिशी रचायचे. तासाच्या टोकाला बैल वळले की अंतरा सुरू. जेवण तेवढं आईच्या माराच्या धाकानं उजव्या हातानं. बाकी सगळा कारभार डावा. तंबोरा डाव्या हातानं छेडायचे, ताल डाव्या हातानं द्यायचे, आणि शिष्याच्या कानाखालीही डाव्या हातानंच द्यायचे. भुजंगाला त्यांच्या साऱ्या बंदिशी पाठ होत्या. गळा मात्र देवानं दिला नव्हता. तो गायला लागला की ऐकणाऱ्याला बंदिशीची कीव यायची.

बुवांचा स्वतःचा आवाज मात्र असा होता की राजूरच्या गणपतीपुढे ते गायला बसले की घंटा वाजवणारा हात आखडून घेई. हा आवाज एका दिवसात गेला. भावानं नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरला, हे निमित्त. बुवा बांधाच्या या टोकाला, भाऊ त्या टोकाला. सकाळी दहीभाकर खाऊन दोघे ओरडायला उभे राहिले ते तिन्हीसांजेला घरी आले. भाऊ खर्जात ओरडला. बुवा कलावंत, ते तार सप्तकाखाली उतरलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी भावाचा आवाज परत आला. बुवांचा आला नाही, पुढे मरेपर्यंत आला नाही.

बुवांची बायको दुर्गाबाई तेव्हा भोकरदनकडे माहेरी गेली होती. परत आली तेव्हा नवऱ्याचं बोलणं बंद झालेलं. पण बोलता येत असतानाही बुवा तिच्याशी बोलत नसत, त्यामुळे फरक कळायलाच तिला वेळ लागला. कळल्यावर तिनं कारण विचारलं. लोकांनी बांधाचं सांगितलं. एवढा मोठा आवाज एवढ्याशा मातीपायी जावा, हे काही तिच्या मनाला पटलं नाही. ती घरकामाला लागली. पण पटलं नाही ते नाहीच.

बुवा गेले, वर्षभरात भाऊही गेला. भुजंग जालन्यात आला, पानाचं दुकान घातलं, साळूबाईशी लग्न केलं आणि लवंगेनं विडे टोचू लागला. एवढ्यावर गोष्ट संपायची. पण मुंबईच्या कुणा गवयानं बुवांची एक बंदिश तबकडीवर गायली, ती तबकडी गाजली, आणि बंदिशीच्या शेवटी बुवांचं नाव गुंफलेलं असल्यामुळे हा धर्मराज कोण, अशी चौकशी सुरू झाली. एक दिवस मनमाडकडच्या गाडीनं चष्मा लावलेला एक गृहस्थ उतरला. कोल्हापूरकडची कुठली तरी सिनेमा कंपनी, तिचा हा कथालेखक. तो दिवसभर भुजंगाच्या बाकावर बसला, फुकटचे विडे खाल्ले आणि सगळं विचारून घेतलं. भुजंगानंही हातचं काही न राखता सांगितलं. बुवांचा डावा हात, बुवांचे बैल, बुवांची दाढदुखी, आणि तो बांध.

लेखकाचा चेहरा बांधापाशी आल्यावर पडला. त्यानं विचारलं, बुवांचा शत्रू कोण? भुजंगानं बराच विचार करून सांगितलं, की खोकला. लेखकानं उसासा टाकला. प्रेक्षक बांधासाठी रडत नाहीत, असं काहीतरी तो पुटपुटला. निघताना त्यानं भुजंगाचं नाव विचारलं. ऐकताच त्याचा चेहरा असा उजळला, की आपल्या नावाचं एवढं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं म्हणून भुजंग आठवडाभर हवेत होता.

महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात सिनेमा जालन्याला आला. नदीच्या पात्राजवळ झुंबरलालचा तंबू उभा राहिला. हा झुंबरलाल मूळचा मारवाडातल्या घराण्यातला; त्याच्या आजोबानं सरकी विकली, बापानं कापूस विकला, यानं अंधार विकायला काढला. तंबूच्या मधोमध पडदा बांधलेला असे. पुढच्या बाजूला पुरुष बसत आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. खेळाआधी पडद्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र झिरपून मागेही स्वच्छ दिसे. बायकांना ते सगळं उजव्याचं डावं होऊन दिसे. पण पडद्यावरची अक्षरं वाचणारी बाई त्या गर्दीत क्वचितच, त्यामुळे आपल्याला उलटं दाखवतात अशी तक्रार कधी आली नाही.

टांग्यातून मराठीत आणि उर्दूत दवंडी फिरली. बुवांचा पट्टशिष्य जालन्यातच आहे हे कळल्यावर झुंबरलालनं भुजंगाच्या गळ्यात हार घालून त्याला पहिल्या रांगेत, खास मागवलेल्या खुर्चीत बसवलं. बाकी सगळे वाळूवर.

दिवे गेले. पडद्यावर बुवा आले, आणि भुजंग खुर्चीत सावरून बसला. बुवा गोरे झाले होते, कुरळे झाले होते, आणि उजव्या हातानं तंबोरा छेडत होते. राजूरच्या काळ्या रानात संगमरवरी कारंजं उडत होतं. बुवा गाऊ लागले तशी हरणं येऊन ऐकत उभी राहिली. बुवांच्या रानात हरणं खरोखरच येत, पण ती ज्वारी खायला, आणि बुवा त्यांच्यासाठी जे शब्द वापरत ते कुठल्याच रागात बसणारे नव्हते. मग राजा आला, हत्ती आला, दरबार आला. ज्या बंदिशीला बुवांना एक तंबोरा पुरत होता तिच्यामागे वरात निघाल्यासारखी वाद्यं वाजत होती. आणि तरीही, त्या सगळ्या गोंगाटात अंतऱ्यातली एक जागा अगदी बुवा घेत तशीच आली. भुजंगाच्या डोळ्यांना धार लागली. बाकी हजार गोष्टी खोट्या असोत, ती एक जागा खरी होती, आणि शेजारच्या वाळूवर बसलेला हमाल ती ऐकून मान डोलवत होता. भुजंगानं आयुष्यभर गाऊन एका माणसाची मान अशी हलवली नव्हती. सिनेमाला त्यानं मनातल्या मनात हत्तीसकट सगळं माफ केलं.

तेवढ्यात पडद्यावर एक शिष्य आला. जाड भुवया, तेलकट मिशी. बुवांनी त्याला हाक मारली, “भुजंग!”

या भुजंगाला गुरूचं यश बघवत नव्हतं. दरबारातल्या गाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं चोरून विडा लावला, त्यात चिमूटभर शेंदूर घातला आणि वाकून नमस्कार करत गुरूच्या हातात दिला. शेंदरानं गळा कायमचा जातो हे जालन्यात शेंबड्या पोरालाही माहीत. तंबूभर हाय हाय झाली. मग एकेक करत माना पडद्यावरून निघून पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे वळल्या. भुजंगाला उठता येईना, कारण उठलं तर पळाला म्हणतील. बसवेना, कारण गळ्यात हार होता.

दुसऱ्या दिवशी दुकानावर गर्दी झाली. विकत घ्यायला नव्हे, बघायला. खेड्यांतून आलेल्या गाड्या थांबायच्या, बाया पदराआडून बोट दाखवायच्या. कुणी खासगीत विचारायचं, की शेंदूर साधाच होता का मंतरलेला. पानं टोपलीत सुकली, काताला बुरशी आली. नेहमीचं गिऱ्हाईक रखमाजी, जो भुजंगाचा विडा खाल्ल्याशिवाय बैल जुंपत नसे, तो आला आणि हात लांब ठेवून बाकावर बसला.

“माझा इस्वास हाय तुझ्यावर, भुजंगा. बिलकुल हाय,” तो म्हणाला. “पण मला बैलायला हाका माराव्या लागत्यात. उद्या गळा गेला तर बैलं माझं मन वाचतील का?”

भुजंगानं त्याला, आणि त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला, बांधाची गोष्ट सांगितली. तीच त्याची चूक झाली. त्या भागात असा एक शेतकरी नव्हता ज्याचं बांधावरून भांडण नव्हतं, आणि सगळ्यांचे आवाज शाबूत होते. बांधापायी आवाज जातो हे ऐकून लोक आधी हसत, मग गंभीर होत आणि एकमेकांकडे बघत. इतकं कच्चं खोटं सांगतो त्याअर्थी नक्कीच काहीतरी केलंय. भुजंग जेवढा ओरडून सांगे तेवढा तो पडद्यावरच्या भुजंगासारखा दिसे. गप्प बसला तर कबुली दिल्यासारखा दिसे. मिशी काढली, तर ओळख लपवतो म्हणाले.

एका सकाळी साळूबाईनं भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता विचारलं, “न्हाई ना दिल्ता खरंच?”

भुजंग ताटावरून उठला तो थेट झुंबरलालकडे गेला. झुंबरलाल गादीवर बसून तिकिटं मोजत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“भुजंगजी,” तो म्हणाला, “दर पिक्चरमधी एक मारवाडी असतो, अन दर पिक्चरमधी तो चोर असतो. मी सोताच्या तंबूत, सोताच्या मशिनीवर रोज दाखवून राह्यलो. माझ्या घरवालीनं कधी इचारलं का मला, की तुम्ही चोर हाव का म्हणून?”

“माझीनं इचारलं,” भुजंग म्हणाला.

झुंबरलालनं तिकिटं खाली ठेवली. मग त्याच्यातल्या माणसानं आणि त्याच्यातल्या व्यापाऱ्यानं मिळून एक तोड काढली. बुवांची बायको अजून आहे ना? तिला घेऊन ये. खेळाच्या मध्यंतरात ती उभी राहून सगळ्यांसमोर सांगेल की हे खोटं आहे. भुजंगाचं नाव धुतलं जाईल, आणि बुवांची खरी बायको बघायला गर्दी लोटेल ते वेगळंच.

भुजंग बैलगाडी करून दुर्गाबाईला घेऊन आला. ती आता पिकल्या केसांची, वाळक्या अंगाची बाई होती, पण ताठ. वाटेत त्यानं तिला काय काय खोटं दाखवलंय ते सांगितलं. ती नुसतं हूं हूं करत होती. सिनेमा म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. नवरा दिसेल एवढंच तिला कळलं होतं, आणि जिवंतपणी तो फारसा न दिसलेला असल्यामुळे तिची काही हरकत नव्हती.

त्या संध्याकाळी साळूबाई तिला घेऊन पडद्यामागे बायकांत बसली. मध्यंतर झालं. झुंबरलालनं निरोप धाडला. उलट निरोप आला, की दुर्गाबाई उठत नाहीत, आधी पुढचं दाखवा म्हणतात. खेळ संपल्यावर ती लोकांसमोर न थांबता बाहेर पडली. घरापर्यंत भुजंगाच्या पुढे चालत राहिली.

सकाळी चुलीपाशी शेकत बसली होती तेव्हा भुजंग समोर जाऊन बसला.

“पाह्यलं ना, माय? कसं धडधडीत खोटं लावलंय?”

“डावखुरे व्हते,” दुर्गाबाई म्हणाली.

“कोण?”

“हेच की. पडद्यावर बी तंबोरा डाव्या हातानं. ताल डाव्या हातानं.” तिनं लाकूड आत सारलं. “भायेरच्या मानसाला हे ठावं असंल का, भुजंगा? ज्यायला एवढं बारीक ठावं, त्यायला बाकीचं ठावं नसंल?”

भुजंगानं बोलायला तोंड उघडलं, आणि त्याला पडद्याची मागची बाजू आठवली. एका वाक्याचं काम होतं. माय, तुम्ही मागून पाह्यलं. समोर बसून बघा, हात उजवा आहे. झुंबरलालला सांगितलं तर तो आजच्या खेळाला पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची टाकेल. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी उजवा हात पाहिला की सगळा सिनेमा त्या हातासकट कोसळेल, आणि भुजंग मोकळा.

पण दुर्गाबाई थांबली नव्हती. ती विस्तवाकडे बघत सांगत होती, की खेळाच्या शेवटाला त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. डावाच. आणि गेलेला आवाज घडीभर परत येऊन म्हणाले, माझी सारी गाणी तुझीच होती. तिच्या आवाजात रडू नव्हतं, नवल होतं. खऱ्या मरणाच्या वेळी ती उशाशीच बसली होती. तेव्हा आवाज नव्हता, पण त्यांचे ओठ हलत होते, तिच्याकडे बघूनच हलत होते. काय म्हणत होते ते इतकी वर्षं तिला कळलं नव्हतं.

“हेच म्हनत आस्तील,” ती म्हणाली. “आवाज आस्ता तर आइकू आलं आस्तं.”

ओठ हलले होते हे खरं होतं. भुजंग त्या वेळी पायांशी होता. बुवांचा आवाज गेल्यापासून त्यांचे ओठ वाचायची त्याला सवय झाली होती, आणि ते त्या दिवशीही त्यानं वाचले होते. बुवा बांधाचं विचारत होते. भावानं माती परत टाकली का, एवढंच.

तो तसाच उठला आणि दुकानावर गेला.

बाजाराचा दिवस होता. भुजंग सुकलेली पानं उलटीपालटी करत बसला. खरं सांगावं तर म्हातारीच्या डोक्यावरचा हात काढून घ्यायचा. न सांगावं तर साळूबाईनं उद्या परत भाकरी थापताना त्याच्याकडे न बघता विचारायचं. दुकान विकून परभणीकडे जावं, असंही त्याच्या मनात आलं. पण सिनेमा रेल्वेनं फिरतो, आणि त्याच्या आधी तो परभणीला पोचलेला असायचा. तिन्ही बाजूंनी फळ्या आणि चौथ्या बाजूला जालना, अशा त्या खोक्यात त्याला पहिल्यांदाच श्वास घ्यायला जागा अपुरी वाटली.

दुपारी गर्दी ऐन भरात असताना माणसं बाजूला होऊ लागली. दुर्गाबाई येत होती, मागून साळूबाई. ही बुवांची बायको, अशी कुजबूज पुढे पळत आली. रखमाजी बाकावरून उठून उभा राहिला. झुंबरलालही गादी सोडून आला होता.

दुर्गाबाई दुकानासमोर थांबली. आता ही सांगणार, असं भुजंगाला वाटलं. काय सांगावं अशी आपली इच्छा आहे, हे त्याचं त्यालाच कळेना.

“याला तुम्ही वाळीत टाकलंय म्हनं,” ती लोकांना म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण बाजार ऐकत होता. “तरणा व्हता. तरणपणी डोकं फिरतं मानसाचं. इडा घेनारे गेले, मी मागं हाये. मी माफ केलं याला. मंग तुम्ही कोण?” आणि ती वळली. “लाव रे इडा.”

बाजारात कुणी हललं नाही. विधवेनं तंबाखू खावी, मशेरी लावावी, त्याला कुणाची ना नसे. पण रंगलेलं तोंड हे सवाष्णीचं. भरबाजारात, पुरुषांसमोर, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं विडा मागितलेला जालन्यात कुणी पाहिला नव्हता.

भुजंगानं टोपलीतलं त्यातल्या त्यात बरं पान काढलं. चुना तो पानभर फासून बसला. कात, सुपारी, बडीशेप. लवंग टोचताना ती बोटात गेली. त्यानं विडा पुढे केला. दुर्गाबाईनं तो घेतला, गालात ठेवला आणि सावकाश चावू लागली. तिचे वाळके ओठ हळूहळू लाल झाले. लोक श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत होते.

विडा निम्मा झाल्यावर ती दुकानाच्या फळीवर वाकली.

“म्या माफ केलंय, आता भ्यायचं कारन न्हाई,” ती म्हणाली. “यांच्यापुढं येकदा सांगून टाक. दिल्ता ना?”

भुजंगानं साळूबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. मग त्यानं दुर्गाबाईकडे पाहिलं. तिचे डोळे अगदी निवांत होते, ज्या बाईची साऱ्या वर्षांची उधारी एका संध्याकाळी फिटली आहे तिचे असावेत तसे. धर्मराजबुवांच्या आयुष्याचा जिवंत साक्षीदार आता या जगात तोच एक उरला होता. कोल्हापूरच्या चष्मेवाल्यानं रचलेल्या त्या सगळ्या राजा-हत्ती-हरणांच्या कारभारावर शिक्का मारायचा अधिकार त्याच्या एका शब्दाला होता.

“दिल्ता, माय,” भुजंग म्हणाला.

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. गर्दीतून एक मोठा, समाधानाचा सुस्कारा निघाला. झुंबरलालनं मान हलवली आणि डोळे टिपले. आजपासून खेळ आणखी पंधरा दिवस वाढवायला हरकत नाही, हेही त्याच्या मनात आलं असेल, पण डोळे खरेच टिपले. सगळ्यात आधी रखमाजी पुढे आला आणि त्यानं फळीवर हात ठेवला.

“मला बी एक लाव, भुजंगा,” तो म्हणाला. “चुकतो मानूस. चालायचंच.”

मग दुसरा हात आला, मग तिसरा. इतकी गर्दी त्या दुकानावर सणासुदीलाही झाली नव्हती. कुणी त्याचा खांदा थोपटला, कुणी म्हणालं, कबूल करायला छाती लागते. भुजंग मान खाली घालून पानामागून पान लावत राहिला. वर पाहिलं असतं तर सगळे आपल्याकडे किती मायेनं बघताहेत हे त्याला दिसलं असतं, आणि ते सोसायची त्याची अजून तयारी झालेली नव्हती.